इराक्का आणि सुगलाची चंद्रकळा

फार वर्षांपूर्वी, तिळगीला यायला अजून रस्ता नव्हता आणि माणसं ओढ्याच्या काठाकाठानं चालत येत, त्या काळात इराक्का होऊन गेली. नेमकी केव्हा, ते आता गावात कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणते, माझ्या आजीनं तिला पाहिलं नव्हतं, पण आजीच्या आजीनं तिची बोलणी खाल्ली होती. तेवढ्यावर समजून घ्यायचं.

तिळगी हे भीमा नदीच्या अलीकडचं गाव. काळी जमीन, बांधाला बाभळी आणि घराघरात हातमाग. मागांवर काळ्या साड्या विणल्या जात. त्यांना चंद्रकळा म्हणत. मुलीच्या लग्नात आईबापांनी तिला चंद्रकळा द्यायची आणि तिच्या पदरावर मुलीनं स्वतःच्या हातानं कशिदा भरायचा, अशी त्या मुलखाची रीत होती. गोपुरं, मोर, हत्ती, तुळशीवृंदावन, पाळणा. सासरी गेल्यावर पहिल्या दिवाळीला सून ती साडी नेसे, आणि गावातल्या बाया तिच्या मागं उभ्या राहून पदर बघत. पदर बघून तिचं माहेर कसं आहे ते ठरवत.

तिळगीला हा कशिदा इराक्कानं शिकवला. ती कुठली, कुणाची, ते कुणाला ठाऊक नाही. एका दुष्काळात ती एकटीच चालत आली, अंगावर एक लुगडं आणि अंबाड्यात खोचलेली एक सुई, असं म्हणतात. मठाच्या स्वामींनी तिला भाकरी दिली. भाकरी खाऊन झाल्यावर तिनं स्वामींच्या फाटक्या छाटीला रफू केलं. ती छाटी पुढं स्वामींच्या चार शिष्यांनी वापरली, पण फाटलं होतं कुठं ते कुणाला सापडलं नाही. स्वामींनी तिला मठापुढच्या चिंचेखालचा कट्टा दिला. तीच तिची शाळा झाली.

तिच्या हाताबद्दल बरंच सांगतात. तिनं एकदा पदरावर जोंधळ्याची कणसं भरली होती. ती साडी कुंपणावर वाळत घातली की पाखरांचा थवा उतरे. शेवटी साडी वाळेपर्यंत एका पोरीला गोफण घेऊन राखणीला बसवावं लागे. डोळे मिटून ती नुसतं बोट फिरवी आणि बोटभर कापडात आडवे धागे किती, उभे किती, ते सांगे. विणकर हसत, मग मोजत, मग गप्प बसत.

पण गाव तिची आठवण काढतं ती या चमत्कारांसाठी नव्हे, शिकवण्यासाठी.

सातआठ वर्षांची झाली की पोर इराक्काच्या कट्ट्यावर यायची. पहिलं वर्ष सुई हातात मिळत नसे. बाभळीचा काटा मिळे. त्या काट्याच्या टोकानं काळ्या कापडाचे धागे मोजायचे. काळ्यावर धागा दिसत नाही, पोरींच्या डोळ्यांना पाणी यायचं. शंभर मोजून झाले की इराक्का म्हणायची, "आता परत ये." म्हणजे शंभरापासून उलटे मोजत एकावर यायचं.

हे परत येणं म्हणजेच तिचा कशिदा. दोरा जाताना एक टाका घालतो आणि एक घर रिकामं सोडतो, पुन्हा एक टाका, पुन्हा एक रिकामं घर. नक्षीच्या टोकाला पोचला की तो वळतो आणि सोडलेली घरं भरत भरत, निघाला होता तिथंच परत येतो. म्हणून त्याला गाठ लागत नाही, आणि पदर पुढून जसा दिसतो तसाच मागूनही दिसतो. जाताना एक धागा जरी चुकला तरी येताना दोऱ्याला वाट मिळत नाही.

इराक्का काम पुढून बघतच नसे. पदर उलटा करायची आणि मागून बोट फिरवायची. कुठं गाठ लागली की एकच शब्द बोलायची. "उसव."

एकदा एका पोरीचा हत्ती तिनं बराच वेळ न्याहाळला.

"काय गं, याची सोंड कुठली आन् शेपूट कुठलं?"

"आक्का, बसलाय की तो."

"बसलाय? मेलाय तो. उसव."

पोरी हसायच्या, रडायच्या, उसवायच्या आणि पुन्हा भरायच्या. अशा किती पोरी तिच्या हाताखालून गेल्या याची गणती नाही. तिळगीची पोर म्हटलं की पदर बघायची गरज नाही, असं भीमेच्या दोन्ही काठांना लोक बोलू लागले.

त्या पोरींत एक सुगला होती. भीमण्णा विणकराची मुलगी. ती रांगत होती तेव्हाच आई गेली. भीमण्णा मागावर बसला की पोरीला कट्ट्यावर आणून ठेवायचा. त्यामुळं इतर पोरी शिकायला यायच्या आणि सुगला तिथंच वाढली. इराक्कानं तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्या उवा काढल्या. इराक्काला लाड करता येत नसत, ती मोजायला शिकवायची. पण संध्याकाळी सगळ्या पोरी घरी गेल्या तरी सुगला तिच्या मांडीला टेकून बसलेली असायची, असं सांगतात.

सुगलाचा हात गोड होता, पण तिला घाई फार. ती बोलत बोलत मोजायची. तिची चंद्रकळा भीमण्णानं स्वतः विणली होती, बारीक सुताची, आणि तिच्या पदरावर सुगलानं मोठं गोपूर घेतलं होतं. तसं गोपूर त्याआधी कुणी घेतलं नव्हतं. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा तिनं पदर इराक्कापुढं ठेवला. इराक्कानं तो उलटा केला, बोट फिरवलं, आणि एका जागी तिचं बोट थांबलं.

"ही काय हाय?"

सुगलानं त्या गाठीवर अंगठा ठेवला. येताना दोऱ्याला वाट मिळाली नव्हती. कुठं चुकलं ते शोधायला वेळ नव्हता. तिनं दोरा तोडून एक बारीक गाठ मारली होती, तिळाएवढीसुद्धा नाही.

"उसव," इराक्का म्हणाली.

"आक्का, चारच दिवस राहिले."

"मग आता बस उसवायला."

तिनं उसवलं. चार दिवस ती मोजत राहिली, पण चूक सापडली नाही. परतीची ओळ तशीच राहिली आणि वऱ्हाड दारात आलं. हळदीच्या अंगानं सुगला कट्ट्यावर आली.

"आक्का, हाय तशी दे. कोण उलटा करून बघतंय तिथं?"

"न्हाई."

"सगळ्या बाया माझ्या मागं उभ्या राहून बघतील. मी काय नेसू?"

इराक्काचा एक समज होता. कुठून आला होता कोण जाणे, पण तो तिनं सगळ्या पोरींना शिकवला होता. ज्या साडीचा दोरा परत आलेला नाही, ती साडी नेऊ नये. नेली तर पोर सासरहून परत येत नाही. म्हणून तिनं साडी दिली नाही. रागानं नव्हे, भीतीनं दिली नाही. पण हे तिनं सुगलाला सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, "पंचमीला माहेरी येशील तेव्हा पुरी कर आन् घेऊन जा. मी ठेवते जपून."

"पंचमीला धाडतील का मला?"

"न धाडायला काय झालं?"

सुगला साध्या लुगड्यात सासरी गेली. तिचं सासर भीमेपलीकडं होतं, दोन दिवसांच्या वाटेवर.

नागपंचमीला नव्या मुली माहेरी येतात. त्या वर्षी तिळगीच्या सगळ्या आल्या. सुगला आली नाही. तिच्याऐवजी आली मलनबी. ही मलनबी गावोगाव बांगड्या विकायची, आणि बांगड्यांबरोबर निरोपही पोचवायची. टोपली उतरवून ती म्हणाली, "आक्का, पलीकडं तुझ्या साडीवरनं महाभारत झालंय बघ. सुगलाची सासू म्हणती, चंद्रकळा न देता पोर पाठवली, चारचौघांत आमचं नाक कापलं. आधी साडी येऊ दे, मग सून जाईल."

इराक्का म्हणाली, "तिला सांग, आधी पोर येऊ दे, मग साडी जाईल."

"अगं, दोघी म्हाताऱ्या अशा अडून बसल्यावर पोरीनं काय नदीत उभं राहायचं?"

"तू बांगड्या भर. साडीतलं तुला कळत न्हाई."

मलनबीनं निरोप पोचवला. दुसऱ्या पंचमीला पलीकडून तोच निरोप आला आणि अलीकडून तोच गेला. भीमण्णा स्वतः लेकीला आणायला गेला आणि रिकामा परतला. परतल्यावर तो घरी गेला नाही, सरळ कट्ट्यावर आला.

"आक्का, साडी द्या. कापड मी विणलंय."

"कापड तुझं, भीमण्णा. काम माझं हाय."

"पोर माझी हाय की."

इराक्कानं साडीची पेटी मागं सरकवली. भीमण्णा रिकाम्या हातानं गेला. तिच्या पेटीतली साडी तिनं दिल्याशिवाय उचलायची, हे तिळगीत कुणाच्या मनातही येत नसे. त्याच्याही आलं नाही. पुढं तो म्हातारा झाल्यावर म्हणायचा, तेव्हा मी पेटी फोडायला पाहिजे होती.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात मलनबी आली ती टोपली न उतरवताच बोलू लागली. "सुगलाचा निरोप हाय. शब्दाला शब्द पाठ करून घेतलाय तिनं माझ्याकडनं. म्हणाली, आक्काला सांग, चूक सापडली. गोपुराच्या अकराव्या पायरीला मी चारच्या जागी तीन धागे धरलेत. डावीकडं. येताना तिथं एक धागा कमी पडतो."

इराक्कानं पेटी उघडली. साडी काढली. उलटी केली, अकराव्या पायरीवर बोट ठेवलं आणि मोजलं. तीन.

समोर कापड नसताना, तीन वर्षं, भाकरी थापताना आणि पाणी भरताना ती पोर ते गोपूर मनातल्या मनात मोजत होती. वर चढायची आणि परत उतरायची. आणि तिला चूक सापडली होती. असं मोजणं इराक्कालाही कधी जमलं नव्हतं.

असं म्हणतात की त्या दिवशी इराक्का पहिल्यांदा हसली. कट्ट्यावरच्या पोरींना साडी दाखवत ती म्हणाली, "बघा. याला म्हणायचं मोजणं."

मलनबी म्हणाली, "मग दे ती इकडं. मी परवा निघालेच. पोचवते."

साडी इराक्काच्या हातात होती. मलनबीचा हात पुढं होता. इराक्कानं साडीची घडी घातली आणि ती पेटीत ठेवली. "पंचमी दीड महिन्यावर आली. येऊ दे तिला. स्वतःच्या हातानं पुरी करू दे. मला बघायचंय."

तिच्या साऱ्या आयुष्यात एवढं एकच तिनं स्वतःसाठी मागितलं, असं तिळगीच्या बाया सांगतात.

पंचमी आली. पोरी आल्या, झोके बांधले, फेर धरले. सुगला आली नाही. मलनबीही आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इराक्कानं साडी डोक्याला बांधली आणि चालायला लागली. इतक्या वर्षांत ती गावाची शीव ओलांडून कधी गेली नव्हती.

भीमा दुथडी भरून वाहत होती. नावाडी म्हणाला, "आज न्हाई, आक्का. चार दिवस न्हाई." इराक्का काठावर उभी राहिली. मग तिनं अंबाड्यातली सुई काढली, तिच्यात दोरा ओवला आणि पाण्यात पाय घातला. एक पाऊल टाकायची, एक जागा सोडायची, कापडावर टाका घालावा तसं. नदी तिच्या घोट्याच्या वर आली नाही, असं म्हणतात. नावाड्यानं हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर त्यानं इराक्काच्या गावच्या माणसाकडून नदी उतरवायचे पैसे कधी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुगलाच्या सासरी पोचली. दारात सासू बसली होती. तिनं डोक्यावरची काळी साडी पाहिली आणि कुणी काही न सांगता तिला ओळखलं.

"आणलीस?" सासू म्हणाली. "पोरीचा आज तिसरा दिवस."

इराक्कानं डोक्याची साडी सोडली.

"यंदा धाडणार होते गं," सासू म्हणाली. "साडी येवो न येवो, धाडणारच होते. बांगड्या भरल्या होत्या तिला. ताप आला. म्हटलं, उतरू दे, मग धाडू."

दोघी म्हाताऱ्या त्या उंबऱ्यावर शेजारी शेजारी बसल्या. किती वेळ बसल्या ते कुणी मोजलं नाही.

तिळगीला परतल्यावर इराक्कानं सुगलाचं गोपूर पुढं घेतलं. दुसऱ्याच्या कामावर तिनं कधी टाका घातला नव्हता, तो घातला. अकरावी पायरी दुरुस्त केली. दोरा वळवला. रिकामी घरं भरत भरत ती खाली आली, आणि शेवटी एक घर रिकामं राहिलं. तिनं उसवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा भरलं. सात वेळा भरलं. सातही वेळा एक घर रिकामं राहिलं, असं म्हणतात. धागे बरोबर होते, मोजणी बरोबर होती. आठव्यांदा तिनं परतीची ओळ सगळी उसवली, सुई तिथंच टोचून ठेवली आणि साडी मिटली. त्यानंतर तिनं स्वतः कशिदा भरला नाही. वर्षभरात तिची नजरही गेली.

पण कट्टा बंद झाला नाही. पोरी येत होत्या, ती शिकवत होती, फक्त "उसव" म्हणायची थांबली होती. पोरींना त्याचंच जास्त भय वाटे.

दुसऱ्या वर्षी कल्लव्वा नावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचा पदर पुरा झाला होता, एकही गाठ नव्हती. तिनं तो आंधळ्या इराक्काच्या मांडीवर ठेवला. इराक्कानं मागून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि म्हणाली, "चांगलं झालंय. उसव."

कल्लव्वा पदरावर वाकली.

"कुठं चुकलं, आक्का?"

"चुकलं न्हाई. शेवटची ओळ उसव. परतीची."

कल्लव्वा रडू लागली. जवळच बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आक्का, तूच शिकवलंस की. परत न आलेला दोरा पोरीबरोबर धाडला तर..."

"मी चुकीचं शिकवलं," इराक्का म्हणाली. "सुगलाला मी चुकीचं शिकवलं."

ती ओळ तिनं स्वतःच्या बोटांनी उसवली. सुईत दोरा ओवायला लावला, ती सुई पदरात टोचली आणि साडी कल्लव्वाच्या ओटीत घातली. मग तिनं नवऱ्या मुलाच्या आईला कट्ट्यावर बोलावून घेतलं.

"विहीणबाई, साडी दिलीय. पण एक ओळ राहिलीय. सुई टोचलेली साडी नेसता येत न्हाई. पंचमीला पोर धाडा, इथं येऊन पुरी करील. मग दिवाळीला मिरवा खुशाल."

"असली कुठली रीत?" विहीण म्हणाली. "कधी ऐकली न्हाई."

"तिळगीची हाय."

"कधीपासनं?"

"आजपासनं."

विहिणीला राग आला. पण दिवाळीला तिळगीचा पदर मिरवायचा होता. श्रावणात कल्लव्वा आली, सगळ्यांच्या आधी आली, आणि तिच्याबरोबर तिची सासूसुद्धा आली, ओळ पुरी होते की नाही ते बघायला.

तेव्हापासून तिळगीची मुलगी अपुरी साडी घेऊन सासरी जाते. पंचमीला कट्ट्यावर सगळ्या एका रांगेत बसत आणि इराक्का रांगेतून जाई. प्रत्येकीचा पदर उलटा करून बोट फिरवी आणि पोरी मोजत आकडा म्हणे. शेवटी म्हणे, "एक कमी हाय."

ती गेली तीही पंचमीलाच. काही लोक सांगतात की त्या दिवशी तिचा आकडा पुरा भरला. रांगेच्या टोकाला काळी साडी नेसून कुणीतरी बसलं होतं, इराक्काचं बोट तिथं पोचलं आणि ती समाधानानं गेली. हे ऐकायला बरं वाटतं. पण तिच्या उशाशी कल्लव्वा होती, आणि कल्लव्वानं आपल्या लेकींना सांगितलं ते वेगळंच आहे. इराक्का शेवटी म्हणाली, "मलनबीनं हात पुढं केला होता." एवढंच.

आता तिळगीला रस्ता झालाय, ओढ्यावर पूल झालाय. माग बंद पडलेत. कशिदा भरता येणाऱ्या चारपाच बायाच उरल्यात आणि लग्नाच्या साड्या तालुक्याच्या दुकानातून येतात, यंत्रावर भरलेल्या. तरी पाठवणीच्या वेळी त्या विकतच्या साडीच्या पदरातली एक ओळ कुणीतरी बाई कात्रीनं काळजीपूर्वक उसवते आणि तिथं दोरा ओवलेली सुई टोचते. मुलगी पुण्याला गेली असो की परदेशी. फोनवर रजा मिळत नाही म्हणाली तर इकडून कुणी रागावत नाही. एवढंच विचारतात, "सुई कुठवर टोचून ठेवणार?"

पंचमीच्या सकाळी मठात जपून ठेवलेली इराक्काची पेटी उघडतात आणि सुगलाची चंद्रकळा कट्ट्यावर आणून अंथरतात. ती आता विटून तपकिरी झालीय. गोपूर अजून तसंच आहे, अर्ध्या टाक्यांचं. त्या वर्षी जी मुलगी सगळ्यांत आधी माहेरी पोचते, ती त्यातल्या सुईचा जुना दोरा काढते आणि नवा ओवते. सुई पुन्हा होती तिथं टोचते. मग सगळ्या खाली बसतात आणि आपापली ओळ भरायला घेतात.